सतरा नंबरचा नकाशा

जमिनीच्या वापराची नवी राज्यव्यापी प्रणाली शिळवण नगरपंचायतीत सुरू झाली, त्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली आणि राजेश्वरीबाईंना शाल मिळाली. कशाबद्दल, तर स्कॅनिंगला दिलेले जुने नकाशे जिल्ह्यात सर्वांत स्वच्छ निघाले म्हणून. नकाशा पुसला म्हणून माणसाचा सत्कार झाल्याचं मावळात आधी कुणी ऐकलं नव्हतं. पण नगराध्यक्षांना सत्कारांची हौस भारी, आणि बाईंनाही ती शाल आवडली होती, हे कशाला लपवा.

मळवलीकडून लोणावळ्याला जाताना डोंगराला पाठ लावून बसलेलं हे शिळवण. कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होती, मग बंगले वाढले, शनिवार-रविवारच्या गाड्या वाढल्या आणि नगरपंचायत झाली. ऑफिसात आरेखक म्हणून राजेश्वरीबाई एकट्याच. बावीस वर्षं त्यांनी गावाच्या नकाशांवर रेघा मारल्या, रंग भरले, नवे रस्ते घातले. आजवर प्रत्येक गावाचे नकाशे त्या त्या गावाच्या कपाटात असायचे आणि कुठे काय बांधायचं ते त्या कपाटाला विचारून ठरायचं. आता सगळ्या राज्याचा मिळून एकच नकाशा झाला. माणसाने मोबाइलवर आपला गट नंबर टाकायचा, यंत्राने त्या जमिनीचा रंग बघायचा आणि रंग पिवळा, म्हणजे रहिवासाचा असला की लहान घराची मंजुरी तिसऱ्या दिवशी घरपोच. साहेबाची सही नको नि बाबूची मनधरणी नको. लोक खूश होते आणि त्यांनी खूश का असू नये?

आता सतरा नंबरच्या नकाशाचं सांगायला हवं. या नकाशावर गावाच्या वरच्या अंगाला, डोंगर उतरतो तिथे, एक लांबट पट्टी होती. छापील रंगात ती पिवळी. तो रंग पुण्यात बसून कुणीतरी भरलेला, डोंगर न बघता. पण त्या पिवळ्यावर पेन्सिलीच्या तिरप्या रेघा होत्या आणि त्या मारल्या होत्या महिपतीराव ओव्हरसियरनी, बाई नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. एका पावसाळ्यात ते गावातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन ती पट्टी पायी फिरले होते. तिथे श्रावणाच्या सुमाराला उपळ फुटते, म्हणजे जमिनीच्या पोटातून पाणी वर येतं आणि माती दुधात पडलेल्या भाकरीसारखी सुटते. महिपतीरावांनी रेघा मारल्या, पण शाईने मारल्या नाहीत. शाई लावायची तर सभेत ठराव हवा, हरकती मागवायला हव्यात, आणि ज्यांच्या जमिनी ते थोडेच गप्प बसणार. म्हणून पेन्सिल. ऑफिसात मात्र शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं की पेन्सिलीच्या पट्टीतली फाइल आली तर ती नाकारायची नाही आणि मंजूरही करायची नाही. ‘जागा पाहणी बाकी’ असा शेरा मारायचा आणि गठ्ठ्याच्या तळाशी सारायची. अर्जदार चार हेलपाटे घालायचा, वैतागायचा, ऑफिसच्या नावाने बोटं मोडायचा आणि दुसरीकडे घर बांधायचा. इतकी वर्षं त्या पट्टीवर शेळ्यांशिवाय कुणी वस्तीला गेलं नाही ते या चोरट्या शहाणपणामुळे.

मार्चमध्ये परिपत्रक आलं की स्कॅनिंगला द्यायच्या नकाशांवर डाग, चिकटपट्टी, पेन्सिलीच्या खुणा काहीही असता कामा नये. बाईंना असल्या कामाचा उत्साह. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलेली युक्ती त्यांनी बाहेर काढली. ताज्या पावातला मऊ गर बोटांत मळून नकाशाच्या कापडावर हलक्या हाताने फिरवला की धूळ, मळ, शिसं सगळं उचललं जातं आणि कापडाला ओरखडाही पडत नाही. आठ दिवस ऑफिसात बेकरीचा वास येत होता. सतराव्या नकाशाशी त्या पोचल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. हात आपसूक चालला होता, डोळे कोपऱ्यातल्या चहाच्या डागावर होते, आणि भानावर आल्या तेव्हा निम्म्या रेघा पावात गेल्या होत्या.

दुसरा कुणीही तिथे थांबला असता. पण बाई पडल्या आरेखक. अर्धी पुसलेली पट्टी त्यांच्या डोळ्यांना खुपायला लागली. अर्धवट रेघ म्हणजे त्यांच्या लेखी रेघ नव्हेच, ती घाण. शिवाय परिपत्रकात लिहिलेलं स्पष्ट होतं. पट्टीची नोंद वेगळ्या कागदावर करून साहेबांना देऊ, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि उरलेल्या रेघाही पुसून टाकल्या. नोंद करायची राहून गेली. मार्चअखेरची धावपळ होती, मग प्रणाली आली, मग शाल आली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, हमीदभाई ऑफिसात आले. हे नगरपंचायतीचेच निवृत्त वॉल्वमन. तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं, त्यामुळे कुठल्या आळीत कोण किती वाजता उठतं हे त्यांना त्या त्या घरातल्या माणसांहून जास्त ठाऊक. छत्री दाराशी ठेवून ते बाईंच्या टेबलाशी आले आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हणाले, घर झालं, शुक्रवारी कुराणखानी, म्हणजे कुराणाचं पठण, ठेवलं आहे, तुम्ही यायचंच. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, कुठे बांधलंत.

“वरच्या पट्टीत, आपल्याच जमिनीत,” हमीदभाई म्हणाले. “एप्रिलात अर्ज टाकला, तिसऱ्या दिशी मंजुरी. लेक-जावई ऱ्हायला गेलं बी, आठ दिस झालं.”

बाईंचा पेढा तोंडात तसाच राहिला. हमीदभाईंनी याच पट्टीसाठी आधी दोनदा अर्ज केले होते आणि दोन्ही वेळा ती फाइल तळाशी सारणारा हात बाईंचाच होता. त्यावरून हमीदभाई कधी एका शब्दाने बोलले नव्हते. बाई आता म्हणाल्या, “अरे वा.” एवढंच म्हणाल्या. पुढचं जे म्हणायला हवं होतं ते पेढ्याबरोबर गिळलं आणि हमीदभाई छत्री उघडून निघून गेले.

बाईंनी लगेच संगणकावर पट्टी काढून बघितली. पिवळी, लख्ख पिवळी आणि तिच्यात एकच बारीक चौकोन, हमीदभाईंच्या घराचा. नकाशा पुसून लख्ख करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, हे तर जिल्ह्यानेच मान्य केलं होतं. बाहेर पाऊस रविवारपासून थांबलेला नव्हता.

मंगळवारी त्यांनी कपाटातून सतरा नंबरचा मूळ नकाशा काढला आणि खिडकीच्या काचेवर धरून उजेडात बघितला. पेन्सिल गेली तरी तिचा दाब कुठेतरी उरतो, एखादी रेघ तिरप्या उजेडात सापडेल, अशी वेडी आशा होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोट फिरवलं. काही नव्हतं. महिपतीरावांचा हात हलका आणि पाव ताजा, मग काय उरणार? महिपतीराव वारले त्याला अकरा वर्षं झाली होती. ज्या शिपायांना, कारकुनांना रेघा ठाऊक होत्या ते निवृत्त होऊन कुणी आळंदीला, कुणी मुलाकडे चिंचवडला गेले होते. रेघा होत्या हे शपथेवर सांगू शकेल असं ऑफिसात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस नकाशा हातात धरून खिडकीशी उभं होतं.

बुधवारी त्या सुहास सरांकडे गेल्या. नगर रचनेचे हे नवे अधिकारी, वय तिशीचं, माणूस सज्जन. फक्त जे कागदावर नाही ते जगातच नाही अशी त्यांची पक्की समजूत. बाईंनी आडून आडून विचारलं, समजा एखाद्या जुन्या नकाशावर पेन्सिलीने धोक्याची खूण होती आणि ती प्रणालीत आली नाही, तर काय करता येतं. सुहास सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि नीट समजावून सांगितलं. नकाशात चूक असेल तर कुणीही नागरिक प्रणालीवर हरकत नोंदवू शकतो, पण बरोबर पुरावा जोडावा लागतो. निर्णय नव्वद दिवसांत. तोवर आहे तो रंग कायम. पुराव्याशिवाय आपण घर खाली करायची नोटीस काढली तर उद्या घरमालक आपल्यालाच कोर्टात खेचेल आणि त्याचं बरोबरच असेल. मग त्यांनी विचारलं, “पण पुसल्या कुणी त्या खुणा?”

“माहीत नाही, सर,” बाई म्हणाल्या.

बावीस वर्षांत बाई ऑफिसात खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. सासू आजारी आहे म्हणून सुट्ट्या घेतल्या होत्या आणि सासू त्या वेळी भाजे गावच्या जत्रेत फिरत होती. पण हे खोटं बोलून त्या तिथे क्षणभरही थांबल्या नाहीत. जागेवर येऊन त्या बसल्या तर समोरच्या पडद्यावर तोच पिवळा चौकोन. त्यात त्यांना आता माणसं दिसायला लागली. अम्मारा, हमीदभाईंची लेक. तिची आठ महिन्यांची मुलगी. जावई माज, तळेगावच्या कंपनीत पाळीवर जाणारा.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. आदिनाथ इंदुरीच्या शाळेत शिक्षक, स्वभावाने भित्रे आणि भित्रेपणाला व्यवहार म्हणणारे. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले की निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, मंजुरी यंत्राने दिली आहे, तू दिलेली नाहीस, आणि इतकी वर्षं न सरकलेली जमीन आजच कशाला सरकेल? बाईंना हे ऐकून बरं वाटलं. ते बरं वाटणं जेवणापर्यंत टिकलं. हात धुताना मोरीत पाणी जात होतं त्याचा आवाज आला आणि पुन्हा पाचावर धारण बसली.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर त्या वर गेल्या. रिक्षा चढणीला थांबली, तिथून छत्री घेऊन पायी. घर दिसलं. लहानसं, दोन खोल्यांचं, फिकट हिरव्या रंगाचं, दारात तुळशीसारखी मांडलेली पुदिन्याची कुंडी आणि वळचणीखाली लंगोट वाळत घातलेले. पाहणाऱ्याला कौतुक वाटावं असं घर. पण घराला सपाट जागा हवी म्हणून मागचा डोंगर पुरुषभर उंचीचा उभा कापलेला होता आणि त्या कापलेल्या मातीतून, बरोबर मध्यावर, पाणी येत होतं. पावसाचं पाणी वरून येतं आणि लाल असतं. हे आतून येत होतं, करंगळीएवढं, विहिरीच्या पाण्यासारखं नितळ, आणि घराच्या मागच्या भिंतीच्या पायाशी जाऊन जिरत होतं.

बाईंनी महिपतीरावांना या पट्टीबद्दल बोलताना अनेकदा ऐकलं होतं, पण उपळ डोळ्यांनी कधी बघितली नव्हती. आतून मूल रडल्याचा आवाज आला, मग अम्माराचं गुणगुणणं. दार दहा पावलांवर होतं. दहा पावलं चालायची आणि तोंड उघडायचं. बाई वळल्या आणि जवळजवळ पळतच उतारावरून खाली आल्या. स्वतःची इतकी शरम त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. रिक्षावाल्याने विचारलं, मावशी, बरं वाटत न्हाई काय? त्यांनी मान हलवली.

त्या रात्री झोप आली असेल तर त्यांनाच ठाऊक. शुक्रवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी प्रणाली उघडली, नागरिकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, हरकतीच्या रकान्यात पट्टीचा गट नंबर आणि उपळीचं वर्णन. मग पुराव्याचा रकाना आला. ठराव क्रमांक, मोजणीचा नकाशा, छायाचित्र किंवा इतर. बाईंनी ‘इतर’वर बोट ठेवलं. कोरा कागद घेतला आणि नकाशावर नावं लिहितात त्या सुबक अक्षरात लिहिलं की सतरा क्रमांकाच्या नकाशावर धोक्याच्या पट्टीच्या पेन्सिलीतील रेघा होत्या, त्या मी स्वतः, स्कॅनिंगपूर्वी, कुणालाही न विचारता पुसल्या. खाली सही, हुद्दा, तारीख. ज्या गोष्टीचा मागमूस त्यांनीच राहू दिला नव्हता, तिचा पुरावा आता त्याच झाल्या होत्या. कागदाचा फोटो जोडला आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: आपली हरकत नोंदवली गेली आहे, निर्णयाचा कालावधी नव्वद दिवस.

कागदाची प्रत त्यांनी सुहास सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती वाचली, पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाले की मॅडम, हे आता मागे घेता येणार नाही, तुमच्यावर चौकशी बसेल, ठाऊक आहे ना. बाई म्हणाल्या, ठाऊक आहे. मी वर कळवतो, आजच कळवतो, पण माझ्या हातात तेवढंच आहे, असं सर म्हणाले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाई निघाल्या.

पोचल्या तेव्हा कुराणखानी आटोपली होती, पाहुणे गेले होते, माज पाळीवर गेला होता आणि हमीदभाई सतरंज्या झटकत होते. पाऊस जरा ओसरला होता. अम्मारा आतून चहा घेऊन आली. हमीदभाईंनी बाईंसाठी मागच्या भिंतीला लागून खुर्ची ठेवली. बाईंनी ती उचलली आणि दाराजवळ आणून ठेवली. हमीदभाईंनी ते बघितलं. मग बाईंनी सांगितलं. पाव, अर्ध्या रेघा, उरलेल्या रेघा, राहिलेली नोंद, सगळं एका दमात. बुधवारचं खोटंही सांगितलं आणि कालचं दारातून परत जाणंही. आता हा माणूस उठेल, ओरडेल, हाताला धरून बाहेर काढेल, याची त्या वाट बघत बसल्या.

हमीदभाई उठले नाहीत. हातातली सतरंजी त्यांनी शांतपणे घडी करून मांडीवर ठेवली.

“त्या रेघा मला ठाव हायेत, बाई,” ते म्हणाले. “म्हैपतीरावसाहेब फिरायला आलं तवा म्होरं आमचा बापच व्हता. माती कुटनं सुटती ते त्यानंच काठीनं दावलं. मी पोर व्हतो, मागनं चाललोवतो.”

मग बांधलंत कसं, एवढं बाई कशाबशा म्हणाल्या.

“दोनदा अर्ज केला, दोनदा तुमी तळाला घातला. मला राग न्हाई आला. मनात म्हनलं, हापिस न्हाई म्हनतंय म्हंजी बाप खरा हाय. मग हे नवं आलं. लोक म्हनले, आभाळातनं सगळी जमीन तपासलीया, मशिनीला समदं कळतं. तिसऱ्या दिशी व्हय आलं.” ते थांबले. “मला वाटलं, बापच चुकला आसंल. अडाणी मानूस, त्याला काय कळतंय. तुमचा नकाशा साफ निघाला, बाई, म्हनून मी बापाला खोटा ठरवलं.”

बाईंनी मान खाली घातली. शिव्या परवडल्या असत्या, असं त्यांना वाटलं.

हमीदभाईंनी लेकीला हाक मारली आणि म्हणाले, सामान बांध, पाऊसकाळ सरेपर्यंत खालच्या घरात ऱ्हायचं. अम्मारा चौकटीत उभी राहून सगळं ऐकत होती. बारावी झालेली, तरतरीत, बोलायला कुणाला न भिणारी मुलगी. लग्नानंतर पाच वर्षं ती नवऱ्याबरोबर मळवलीच्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहिली होती. मालक आले की बाळाचं रडणंसुद्धा दाबावं लागायचं. ती खोली सोडून आली तेव्हा मागे वळूनही बघितलं नव्हतं. खालच्या घरात, म्हणजे हमीदभाईंच्या, गावातल्या एका खोलीच्या घरात, तिच्या दोन भावांचे संसार आधीच होते.

“मी नाही जायची,” ती म्हणाली. भिंतीवर चौकटीत लावलेला मंजुरीचा कागद तिने काढला आणि बाईंच्या समोर धरला. “हे तुमच्याच ऑफिसचं आहे ना? कोड आहे, स्कॅन करून बघा. अब्बांना दहा वर्षं नाही म्हणालात, मग हो म्हणालात, आता आम्ही राहायला आलो तर पुन्हा नाही. उद्या परत हो म्हणाल. नकाशात रंग बदलून आणा, मी त्या दिवशी जाईन.”

“नव्वद दिवस लागतात गं.”

“मग नव्वद दिवसांनी या.”

हमीदभाई लेकीवर चिडले, आवाज चढवला. तिने तो कानाआड केला आणि आत जाऊन पाळण्याला झोका द्यायला लागली. बाईंनी आपल्या घरची माळ्यावरची खोली देऊ केली, कालच्या नितळ पाण्याबद्दल सांगितलं, सुहास सरांचं नाव घेतलं. अम्मारा म्हणाली की पाणी तर गावात सगळ्या बांधांतून येतंय. खरंच होतं तेही. तिला दाखवायला बाईंपाशी एकही कागद नव्हता. मोबाइलवर होती ती हरकतीची पावती आणि तिच्यावरही, निर्णय होईपर्यंत सद्य रंग कायम, असं स्वच्छ छापलेलं होतं.

बाहेर पाऊस पुन्हा धरला. पत्र्यावर एकदम आवाज वाढला, खिडकीतून समोरचा रस्ता दिसेनासा झाला. बाई उठल्या. आपण सांगायचं ते सांगितलं, आता निघावं, असा अगदी रास्त विचार त्यांच्या मनात आला. पायही दाराकडे वळले होते. मग काय झालं ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. त्यांनी ती दाराजवळची खुर्ची उचलली, शेजारच्या खोलीत नेली, पाळण्याशेजारी मागच्या भिंतीपाशी ठेवली आणि तिच्यावर बसल्या.

“हे काय?” अम्मारा म्हणाली.

“तू आहेस तोवर मी इथेच बसते.”

बाई काही धीराच्या नव्हेत, हे आधीच सांगायला हवं होतं. घाटात एसटी वळणावर आली की डोळे मिटून घेणारी ही बाई. खुर्चीवर बसल्या खऱ्या, पण पाठ टेकवेनात. भिंत आणि पाठ यांच्यामध्ये वीतभर अंतर होतं आणि त्या वीतभर जागेतून गार वारा येतो आहे असं त्यांना वाटत होतं. भिंतीला हात लावून बघितला तर ती ओली होती, की हातच ओला होता, कळेना. हमीदभाईंनी चहाचा कप पुन्हा हातात दिला तो बशीवर तडतड वाजायला लागला, म्हणून खाली ठेवला. पत्र्यावरचा आवाज जरा वाढला की त्यांची मान वळायची, भिंतीकडे जायची, परत यायची. डोंगराच्या अंगाला कुठेतरी दगड गडगडला, लहानच असेल, रोज एखादा गडगडतो. बाईंच्या घशातून बारीक आवाज निघाला आणि दोन्ही हात आपोआप पाळण्याच्या कठड्यावर जाऊन घट्ट बसले. पळ, पळ, असं सगळं अंग म्हणत होतं. त्यांनी डोळे मिटले. मिटल्यावर जास्तच भीती वाटली, म्हणून उघडले.

अम्मारा त्यांच्याकडे बघत होती. झोका द्यायचा हात थांबला होता.

“तुम्ही खरंच घाबरलाय,” ती म्हणाली.

“हो.”

“पळून जावंसं वाटतंय?”

“मघापासून.”

“मग जात का नाही?”

“तू बसलीयेस म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

अम्माराने हातातला मंजुरीचा कागद एकदा बघितला आणि पलंगावर ठेवला. मग पाळण्यातून मुलीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाईंच्या हातात दिलं.

“अब्बा,” ती दाराकडे वळून म्हणाली, “आधी सिलिंडर बाहेर काढा, मी सामान बांधते.”